सतरा गाठोडी

(द्वितीय वर्ष, कला)

माळ्यावर सतरा गाठोडी आहेत हे मी मोजेपर्यंत आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आज्जीलाही नाही. आज्जीला गाठोडी ठाऊक होती, आकडा नव्हता.

झालं असं, की २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले तेव्हा घरकुल मंजूर होऊन पहिला हप्ता जमा झाला होता. आमचं गाव माण तालुक्यात, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी अंगाला. घर दगडमातीचं, वर पत्रा, आत लाकडी माळा. ते पाडून त्याच जागेवर पक्कं बांधायचं. या योजनेत घराचं क्षेत्र कमीत कमी २५ चौरस मीटर धरलेलं असतं, स्वयंपाकाची जागा धरून. म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. आबांनी अंगणात काठीने रेघ ओढून ते दाखवलं. सगळे त्या चौकोनात उभे राहून बघत होतो. चौकोनात सगळं बसत होतं, फक्त माळा नव्हता.

"आत्याबाई, एवढी बोचकी कुठं ठिवायची?" आईने विचारलं.

"माझ्या उरावर ठिवा," आज्जी म्हणाली आणि आत निघून गेली.

मग ते काम माझ्याकडे आलं. कॉलेजात गेलेली घरात मी पहिली, आणि शिकलेल्या माणसाला यादी करता येते असा आबांचा पक्का समज आहे. "दोन ट्रंकात बसंल तेवढंच ऱ्हाऊ दे. बाकीचं तू आणि म्हातारी बघा," एवढं सांगून ते विटांच्या मागे लागले.

आता आज्जीविषयी सांगायला हवं. आज्जी वाकळा शिवते. तुम्ही गोधडी म्हणता, आमच्याकडे वाकळ. घरच्यासाठी तर शिवतेच, पण चाळीस वर्षं मजुरीनेही शिवत आली आहे. लोक आपली जुनेरं आणून देतात, आज्जी शिवून देते. वरून एक लुगडं, खालून एक, आणि मध्ये चार-पाच जुनेरं पसरायची. मग कडेने टाका धरायचा आणि काठाकाठाने फिरत आत आत जायचं. आधी मधे कधी शिवायचं नाही, नाहीतर कापड गोळा होतं. दुपारचं तेवढं बसायला मिळालं तर एका वाकळेला महिना सहज लागतो. पहिल्या वर्षाला मी हॉस्टेलवर आले तेव्हा वळकटीत हीच वाकळ होती. खोलीतल्या बाकीच्या मुलींची रंगीत ब्लँकेटं बघून मी ती पंधरा दिवस गादीखाली घातली होती. पुढे डिसेंबरात थंडी पडली आणि माझा स्वाभिमान उतरला, ते सोडा.

तर सतरा गाठोडी. मी वहीत तीन रकाने आखले : ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. पहिलं गाठोडं खाली काढलं, सोडलं आणि लिहिलं, 'क्र. १ – पांढरं, फाटकं, सुती.' क्र. २ – रंगीत, लहान तुकडे. असं करत करत दुपारपर्यंत सहा झाली आणि टाकायच्या रकान्यात एकही नोंद नव्हती. प्रत्येक चिंधी आज्जी हातात घ्यायची, अंगठ्यावर ताणून बघायची आणि परत मांडीवर ठेवायची. ताणल्यावर सूत सुटलं तर ते पोटात घालायचं कापड, नाही सुटलं तर वरचं. लुगडं बसण्याच्या जागी आधी विरतं, पदर आणि काठ धड राहतात. म्हणून मधला विरलेला भाग काढून दोन धड भाग जोडायचे. त्याला दंड घालणं म्हणतात. अशी दंड घातलेली लुगडी तर आज्जीच्या लेखी नवीच.

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी साठा आणि पुरवठा यांतला फरक सांगितला होता. बाजारात विकायला येतो तो पुरवठा. नुसता पडून असतो तो साठा. मी मनाशी हिशेब केला. एका वाकळेला सहा जुनेरं धरली तर या मालातून वीस वाकळा सहज निघतील. आज्जीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. हल्ली दोन महिन्यांत एक वाकळ झाली तरी खूप. मी म्हटलं, "आज्जी, हे संपवायला तुला तीन वर्षांच्या वर लागतील."

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "म्हंजी तवर मरायला सवड न्हाई."

एक मात्र तिने माझ्याआधी वेगळं काढलं : पॉलिस्टरच्या साड्या. हल्ली लोक जुन्या साड्या म्हणून त्याच आणतात. बायका सुती नेसतात कुठे? पॉलिस्टरवर सुई घसरते, एक थर दुसऱ्यावर बसत नाही, आणि पांघरलं तर थंडीत गार, उन्हाळ्यात घाम. ओळखायची रीतही तिने शिकवली. थुंकी लावायची, सुती लगेच पिते, पॉलिस्टरवर थेंब तसाच राहतो. फाडलं तर सुती सरळ रेषेत टर्रकन फाटतं. असली चार गाठोडी निघाली. त्यांतल्या काहींच्या आबांनी दोऱ्या वळल्या, काही कडब्याच्या गंजीवर गेली. आज्जीला काही वाटलं नाही.

तेराव्या गाठोड्यात कोरं मांजरपाट होतं, घडी न मोडलेलं, पिवळं पडलेलं. आजोबा मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, त्यांतले आमचे एक. वाट बघून बघून ते गावी आले, ते परत गेलेच नाहीत. येताना पत्र्याची पेटी आणि हे कापड. मी वहीत 'कोरं, न वापरलेलं, विकता येईल' असं लिहीत होते. आज्जीने ते माझ्या हातातून घेतलं, नाकाशी नेलं आणि ट्रंकेत अगदी तळाला ठेवलं. मी नोंद खोडली.

आता जे सांगायचं ते सांगते. खरं तर ते सांगायला नको म्हणूनच इतका वेळ इकडचं तिकडचं लिहिलं.

चौथ्या दिवशी आबा आज्जीला डोळे दाखवायला तालुक्याला घेऊन गेले. आई शेतात. मी एकटी, आणि दारात भांडीवाली आली. पुण्या-मुंबईकडे हिला बोहारीण म्हणतात. जुने कपडे घ्यायचे आणि भांडी द्यायची. मला वाटलं, देवच पावला. मी दोन गाठोडी पुढे केली. तिने चिंध्या बघून नाक मुरडलं. "धड कापड असंल तर बोल." मग मी कोपऱ्यातलं एक लहान गाठोडं आणलं. त्यात तीन साड्या होत्या, सुती, धुऊन नीट घडी घातलेल्या. बाईने गाठ सोडली, बांधलेली चिंधी बाजूला फेकली, साड्या उजेडात धरून बघितल्या. मी तोवर एका स्टीलच्या डब्याचं झाकण लावून-काढून पाहत होते. नव्या घरात शोभेल असा डबा होता. सौदा झाला. मी वहीत लिहिलं, 'क्र. १६ – दिलं.' द्यायच्या रकान्यातली ती माझी स्वतःची अशी पहिली नोंद.

संध्याकाळी आज्जी आली. तिला धड दिसत नव्हतं, डोळ्यांत औषध घातलेलं. तरी तिने हाताने चाचपून कोपरा बघितला आणि विचारलं, "हितलं बारकं कुठं हाय?"

मी डबा दाखवला.

आज्जी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि जमिनीवर हात फिरवून ती फेकलेली चिंधी शोधू लागली. सापडली. हिरवा काठ होता, दोन बोटं रुंद. तेव्हा मला कळलं, की प्रत्येक गाठोड्याला बांधलेली चिंधी कसलीही नसते. आतल्या मालातलीच पट्टी फाडून तिने गाठ मारलेली असते, आणि गाठीवरून ते कुणाचं हे तिला कळतं. एक गाठ घरचं, दोन गाठी लोकांचं. मी चार दिवस त्या गाठी सोडत होते आणि वर क्रमांक घालत होते.

त्या साड्या वरच्या आळीतल्या एका म्हातारीच्या. ती गेली तेव्हा तिच्या लेकीने आईच्या तीन साड्या आज्जीकडे आणून दिल्या होत्या, वाकळ शिवायला. लेक पुण्याला असते. दोनशे रुपये इसारही दिलेला. त्याला तीन वर्षं झाली. ती आली नाही, आणि आज्जीचा डोळा बिघडला म्हणून हिचंही राहिलं.

भांडीवालीला आम्ही दोन बाजार शोधलं. भेटली तेव्हा म्हणाली, माल त्याच आठवड्यात पुढं गेला. तिचीही काही चूक नाही.

"फोन लाव तिला," आज्जी म्हणाली. "मी न्हाई बोलायची. तू दिलंस, तू सांग."

मी लावला. सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग त्या ताई म्हणाल्या, "हिरव्या काठाची पण होती का गं त्यात? आई ती नेसून शेतात जायची." मी म्हटलं, होती. "आणि दुसरी कुठली होती? मला आता आठवत नाही." मला सांगता येईना. माझ्या हातातून गेल्या होत्या त्या, पण मी डब्याकडे बघत होते. मी म्हटलं, "ताई, मी नीट बघितल्या नाहीत." त्या रागावल्या नाहीत. "राहू दे. जत्रेला येईन तेव्हा बघू," म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आज्जीने क्रमच बदलला. आधी लोकांचं लोकांच्या घरी. दोन गाठींची आणखी चार गाठोडी निघाली. वाकळा शिवून उरलेलं, पण परत न्यायला कुणी न आलेलं. ती डोक्यावर घेऊन आम्ही दोघी आळीआळीने फिरलो. काही बायका हसल्या, "असू दे की मावशी, आमाला काय करायचंय चिंध्यांचं?" एका घरी तर राग आला, त्यांना वाटलं आज्जी काम नाकारते आहे. एका आजींनी मात्र तुकड्यांतून जांभळा खण उचलला आणि तो कुणाच्या लग्नातला, कुणी आणलेला, हे सांगत आम्हाला चहा होईस्तोवर बसवून ठेवलं. ज्यांनी घेतलं नाही त्यांचं मऊ तेवढं निवडून दोन घरी दुपट्यांसाठी दिलं; तिथे बाळंतपणं जवळ आली होती.

पहिलं पान मी फाडून टाकलं. नवं पान आज्जीने सांगितलं तसं लिहिलं. त्यात रकाने नाहीत. शेवटी दोन ट्रंका आणि वर एक गाठोडं उरलं. आबांनी ते बघितलं, पण काही बोलले नाहीत.

त्या ताईंची वाकळ आज्जीने सुरू केली आहे. वर-खाली स्वतःची दोन इरकली लुगडी घातली. एकीला दंड आहे, दुसरी धड. मी म्हटलं, तू काय नेसशील? तर म्हणाली, हायेत अजून. हिरवी पट्टी तिने वरच्या बाजूला, डोकं येतं तिथे लावून घेतली. पोटात मात्र काय घालायचं यावर ती दोन दिवस अडली होती. त्या घरचं काहीच उरलेलं नव्हतं. शेवटी आमचंच घातलं.

सुट्टी संपली तेव्हा मी वीस सुयांत दोरे ओवून त्या उशीला टोचून ठेवल्या, कारण ओवणं तिला आता जमत नाही. टाका मात्र बोटांनी बरोबर पडतो. परवा आबांचा फोन आला होता. पायाचं खोदकाम झालं, वाळू महागली, असं सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "आणि म्हातारी इचारतीया, सुया संपल्या, पोरगी कवा येणार?"