वरदेच्या अलीकडचा मुलूख

सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावलेली वर्धा नदी आजच्या वर्धा जिल्ह्याची उत्तर-पश्चिम सीमा आखत खाली उतरते. तिचे जुने नाव वरदा. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात अग्निमित्र विदर्भ जिंकतो आणि यज्ञसेन व माधवसेन या भावाभावांत वाटून देतो. वाटणीची रेषा असते वरदा. नाटकातल्या तपशिलाला पुरावा मानता येत नाही, पण सरहद्द म्हणून या नदीची ओळख केवढी जुनी आहे एवढे त्यावरून कळते.

वस्ती त्याहूनही जुनी. खैरवाडा येथील शिळावर्तुळे लोहयुगातली, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या शतकांतली. लेखी इतिहास मात्र खऱ्या अर्थाने उजाडतो तो वाकाटकांच्या ताम्रपटांनी. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटक रुद्रसेनाला दिली होती. तो अकाली वारल्यावर तिने मुलांच्या वतीने राज्य चालवले. पुढे तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन गादीवर आला. ‘सेतुबंध’ हे प्राकृत महाकाव्य त्याच्याच नावावर आहे. त्याचा जांब येथे मिळालेला ताम्रपट राज्यवर्ष 2 चा, बेलोऱ्याचे 11 चे. ही दोन्ही गावे वर्धा जिल्ह्यातली आणि दोन्हीकडची दाने नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून दिलेली. अठराव्या वर्षाचा चम्मकचा ताम्रपट मात्र प्रवरपुराहून निघतो. मधल्या काळात राजधानी हलली.

हे प्रवरपूर कोठे होते, यावर विद्वानांनी बरीच शाई खर्ची घातली आहे. वा. वि. मिराशी यांनी ते वर्ध्याजवळचे, धाम नदीकाठचे पवनार ठरवले. नावातले साम्य, तिथे सापडलेली रामकथेतली शिल्पे आणि प्रभावतीगुप्तेची विष्णुभक्ती हे त्यांचे आधार. 1967 मध्ये नागपूर विद्यापीठाने पवनारला उत्खनन केले. पुढे रामटेकजवळ मनसरची टेकडी खणली गेली, भव्य विटांचे बांधकाम उघडे पडले, प्रवरेश्वराच्या नावाची मुद्रा मिळाली आणि प्रवरपूर म्हणजे मनसरच, असा दुसरा पक्ष उभा राहिला. मुद्रेने सिद्ध होते ते प्रवरेश्वराचे देवालय. राजाचा देव जिथे असेल तिथेच त्याची राजधानी असायला हवी, असा काही नियम नाही. पण पवनारवाल्यांचीही अडचण आहेच. ‘प्रवरपूर’ झिजून ‘पवनार’ व्हायचे, तर मधला ‘न’ कुठून आला? गावकऱ्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. त्यांच्या मते गाव पवनराजाचे. त्याच्याजवळ परीस होता, तो शेतकऱ्यांकडून साऱ्यात नांगराचे फाळ घेई आणि त्यांचे सोने करी. व्याख्यानाला जमलेल्या मंडळींना ताम्रपटांपेक्षा हा परीसच अधिक लक्षात राहतो, हा नेहमीचा अनुभव. विनोबांच्या इथल्या आश्रमाच्या जमिनीत खोदताना भरतभेटीचे शिल्प निघाले. आता ते तिथे पूजेत आहे, आणि दर्शन घेऊन परतणाऱ्या बहुतेकांना वाकाटक हे नावही ठाऊक नसते.

राष्ट्रकूटांच्या काळातला देवळीचा ताम्रपट शके 862 चा, म्हणजे इ. स. 940 चा. तिसऱ्या कृष्णाच्या या दानपत्रात ‘नागपूर-नंदिवर्धन’ असा विभाग येतो. नागपूरच्या नावाच्या अगदी जुन्या लेखी नोंदींपैकी ही एक, आणि ती सापडली वर्धा जिल्ह्यात; नागपूरकर हे सहसा सांगत नाहीत.

यादवांनंतर बहमनी, इमादशाही आणि मोगल अमलात हा भाग वऱ्हाडच्या सुभ्याशी जोडलेला राहिला. अकबराच्या दप्तरात पवनार हे सरकारचे ठाणे आहे. आष्टीत जहांगिराच्या पदरी असलेल्या महंमदखान नियाझीची कबर आजही उभी आहे. पुढे देवगडचे गोंड आणि मग नागपूरचे भोसले.

1803 मध्ये अडगाव आणि गाविलगड येथे इंग्रजांकडून हरल्यावर रघूजी भोसल्यांनी 17 डिसेंबरला देवगावचा तह केला. वर्धेपलीकडचा वऱ्हाड निजामाकडे गेला, अलीकडचा नागपूरकडे राहिला. नदी पुन्हा सरहद्द झाली. हैदराबादहून नागपूरकडे निघालेला, भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

1853 मध्ये शेवटचे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. 1862 मध्ये नागपूरपासून वेगळा जिल्हा काढून पुलगावजवळच्या कवठ्याला ठाणे ठेवले. 1866 मध्ये ते पालकवाडीला हलले आणि त्या खेड्यावर वर्धा शहर वसले. त्याच सुमारास रेल्वे आली. अमेरिकेतल्या यादवीने विलायतेचा कापूस तुटला होता, आणि हिंगणघाटची ‘बणी’ ही कापसाची जात बाजारात नावाजली. 1881 मध्ये हिंगणघाटला सूतगिरणी निघाली, नंतर पुलगावलाही. नफा गिरण्यांच्या आणि अडत्यांच्या घरी गेला. शेतकऱ्याच्या वाट्याला कापसावर बेतलेले जगणे आले, आणि शतक उलटल्यावर आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत वर्ध्याचे नाव आले.

गांधीयुगाबद्दल वाचकांना सगळे माहीत असते, निदान तसे वाटते तरी. विनोबा 1921 मध्ये आले. जमनालाल बजाजांनी 1928 मध्ये लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. गांधीजी 1934 मध्ये वर्ध्याला आणि 30 एप्रिल 1936 रोजी शेगावला आले. त्या गावाचे 1940 मध्ये सेवाग्राम झाले. 14 जुलै 1942 रोजी काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी सत्ता सोडावी असा ठराव केला तो वर्ध्यातच. महिनाभराने, 16 ऑगस्टला, आष्टीच्या पोलीस ठाण्यापुढे गोळीबार होऊन माणसे मेली. एवढे सगळे घडले ते काही दशकांत. पण जिल्ह्याची ओळख सांगताना मागची दीड हजार वर्षे सहज गाळली जातात.

1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला तेव्हा नदीची राजकीय सरहद्द पुसट झाली. 1956 मध्ये जिल्हा मुंबई राज्यात, 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. नागपूर आणि अमरावती या दोन महसूल विभागांमधली सीमा इथे आजही वर्धा नदीच आहे.