पालथा घडा

पालथ्या घड्यावर पाणी. मुलानं पुस्तक संपवलं आणि विचारल्यावर त्याला दोन वाक्यं नीट सांगता आली नाहीत, की घरातलं कुणीतरी हे म्हणतंच.

पण घडा पालथा घालतं कोण, आणि का? आमच्याकडे रात्री घागरी-कळशा घासून मोरीच्या कट्ट्यावर पालथ्या घालत. आत धूळ जाऊ नये, पाल-झुरळ शिरू नये म्हणून. पहाटे नळाला पाणी आलं की त्या सुलट होत. म्हणजे पालथी घागर ही उद्याची घागर. शिवाय तांब्या-पितळेचं सोडा, मातीचा घडा पालथा असला तरी ओतलेलं थोडं पाणी पितोच. त्याचा रंग गडद होतो, ओल्या मातीचा वास सुटतो. आणि सुलट घड्याचं तरी काय? कुंभाराकडून नवा माठ आला की आजी तो दिवसभर भरून ठेवायची आणि संध्याकाळी ते सगळं पाणी तुळशीला, जास्वंदीला घालायची. पहिलं पाणी प्यायचं नसे, त्याला मातीची चव लागते. मग ते वाया गेलं म्हणायचं का? त्याच्यामुळेच तर माठ पाणी धरायला तयार व्हायचा.

माझ्या वाचनाचंही काहीसं असंच झालं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मी वाचनालयाच्या खाकी कव्हरांतून एकामागून एक वाचला. आज त्यातलं एकही रहस्य कसं उलगडलं ते मला सांगता येणार नाही. त्याचं गाव फुरसुंगी आठवतं, त्याची शाळा विद्याभवन आठवते, सायकल आठवते आणि त्याचं ते ‘ट्टॉक’. कधीकधी लिहिताना एखादं वाक्य एकदम पळत सुटतं, तेव्हा वाटतं, ही त्या सायकलचीच गती असेल. पण असं नुसतं वाटतं. सिद्ध कसं करणार?

आत मुरलेलं कधीकधी फार उशिरा बाहेर येतं. साने गुरुजींची आई १९१७ साली गेली. ‘श्यामची आई’ त्यांनी नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३३च्या फेब्रुवारीत, अवघ्या पाच दिवसांत. त्या पाच दिवसांचं कौतुक सगळेच करतात. मी मात्र मधल्या पंधरा-सोळा वर्षांपाशी अडकते. पालगडची ती आई एवढी वर्षं त्यांच्यात कुठे होती? की रोजच होती आणि लिहिण्याला तेवढी सवड हवी होती? आणि तिनं तरी मुलाला पुस्तकातून किती दिलं? ती बोलली, रागावली, तिनं त्याला पोहायला विहिरीवर पाठवलं. पुढे पुस्तकातला श्याम त्या गोष्टी आश्रमातल्या मित्रांना रात्री सांगतो, तेही तोंडीच. इथे माझा वाचनावरचा विश्वास थोडा डगमगतो.

प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला लंपन तर हा विश्वास आणखीच हलवतो. लेखकाची आई इंदिरा संत, वडील ना. मा. संत, घरात शब्दांना तोटा नव्हता. पण लंपन वाढतो आजी-आजोबांकडे, बेळगावकडच्या कानडी मिसळलेल्या बोलीत, सुमीच्या आणि शाळेच्या आसपास. कराडला भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या लेखणीतून तो मुलगा असा बाहेर येतो की जणू कालपर्यंत गल्लीत खेळत होता. त्याला जपून ठेवलं ते वाचलेल्या पुस्तकांनी, की आजीच्या हाकांनी? मला आधी पुस्तकांनी असं वाटायचं. आता खात्रीनं सांगता येत नाही. कदाचित दोन्ही वेगळी काढताच येत नसतील. कदाचित काही मुलं जे वाचतात ते कधीच बाहेर येत नसेल, आणि तरी ती वाचून वाढलेली असतील.

हा गुंता मला सुटलेला नाही. पण एक मागणं आहे. घरातलं मूल पुस्तक मिटून नुसतं बसलं असेल, तर त्यातून काय शिकलास, असं त्याला लगेच विचारू नका. पुढचं पुस्तक हाताशी ठेवा.