वाट राखताना

प्रिय सखे,



रविवारी मी फोन उचलत नाही म्हणून रागावली आहेस ना? अगं, रविवारी आम्ही गुंजवण्याहून राजगडावर जाणाऱ्या वाटेवर असतो आणि तिथे रेंज धड मिळत नाही. गडावर मात्र जात नाही बरं का. वर पद्मावती माची दिसत असते, चोर दरवाजा खुणावत असतो आणि आमचा अख्खा दिवस खालच्या झाडीतल्या शंभरेक फुटांत जातो. पावसाळ्याआधी ही वाट नीट करायची, हे आमच्या गटाने अंगावर घेतलेलं काम.

कॉलेजात असताना आपण इथून चढायचो तेव्हा कारवीच्या जाळीतून एक माणूस जेमतेम जाईल एवढी पायवाट होती. आठवतं? आता काही ठिकाणी चौघं शेजारी शेजारी चालतील इतकी ती पसरली आहे. पसरलेली वाट म्हणजे बिघडलेली वाट, हे मी इथे येऊन शिकले. पायांखाली गवत मरतं, माती उघडी पडते, तुडवून तुडवून इतकी घट्ट होते की पाणी मुरतच नाही. मग मृगाचा पहिला दणका बसला की पाणी वाटेवरूनच धावायला लागतं. माती जाते, धोंडे उघडे पडतात, मुरूम पायाखालून सरकतो. घसरायला लागलं की माणूस शेजारच्या गवतावरून चालतो आणि पुढच्या वर्षी ते गवतही जातं. वळणांवर तर फारच वाईट. वाट वळसा घेते ती चढ सुसह्य व्हावा म्हणून. पण उतरताना घाईतला एखादा दोन वळणांमधून सरळ खाली येतो आणि त्याच्यामागून पन्नास जण. एका हंगामात तिथे घळ पडते.

म्हणून आमचं सगळं काम पाण्याशी. गावातले एक काका आमच्याबरोबर असतात. त्यांचा जन्म भातखाचरांचे बांध घालण्यात गेला. आम्ही पहार हातात घेण्याआधी ते वरच्या अंगाला उभे राहून पाणी कुठून येणार आणि कुठे जाऊ पाहणार, ते निरखतात. मग जागा ठरते. तिथे वाटेवर दगडांची तिरपी ओळ बसवायची. आडवी सरळ घातली तर तिच्यामागे पाणी तुंबतं, गाळ भरतो आणि पाणी वरून उडी मारतं. तिरपी घालून खालचं टोक दरीच्या अंगाला मोकळं ठेवलं की पाणी निमूट बाहेर पडतं. दगड निम्म्याहून जास्त जमिनीत गेला पाहिजे. लहान दगड पायाने निघून येतो, म्हणून तिघा-चौघांना लोटावा लागेल असाच निवडायचा. पहारेने उचकटायचा, लोळवत आणायचा, खड्ड्यात बसवायचा. डुगडुगला की पुन्हा काढायचा, खाली चिपा ठोकायच्या आणि परत बसवायचा. कधी कधी एका दगडात सकाळ सरते. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आमच्यात आहेत. दगड पक्का बसला की त्या त्यावर दोन्ही पायांनी उभ्या राहून दाखवतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांसाठी मी आठवडाभर वाट पाहते, खरंच सांगते.

दगड आणायचा तो ओढ्यातून किंवा वाटेखालून. तटा-बुरुजाचा ढासळलेला चिरा जवळच पडलेला असला तरी त्याला हात लावायचा नाही. कोणता दगड कुठला होता हे जाणकारांना कळतं, आपल्याला नाही. खालचं रान वनखात्याचं, गड राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे, त्यामुळे काय करणार ते आधी लिहून द्यावं लागतं. परवानगीला वेळ लागतो म्हणून आमच्यातले काही जण वैतागतात. मला ही अट योग्यच वाटते. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात राजगड आहे. उत्साहाच्या भरात कुणीही कुदळ घेऊन गडावर चढावं, अशी ही जागा नाही.

आमच्यात एक वाद सतत चालतो. सिमेंटच्या पायऱ्या घाला, कठडे लावा, म्हणजे म्हातारी माणसंही येतील, असं काहींचं म्हणणं. म्हाताऱ्या माणसांनी यावं हे मलाही हवंय. पण सिमेंट उतारावर टिकत नाही. पाणी कडेने शिरून खालची माती नेतं आणि वरचा थर अधांतरी राहतो. पायरी उंच झाली तर उतरणारा ती टाळून शेजारून जातो, म्हणजे पुन्हा नवी वाट. आणि दुसरं असं की, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाची वाट सुगम असेल तर ती मोडून तिच्यावर झाडी वाढवावी, असं सांगितलं आहे. ज्यांनी ही वाट मुद्दाम बिकट ठेवली, त्यांच्या गडावर आपण रस्ता करू नये. वाट होती तशी टिकवावी, एवढाच आपला अधिकार.

झाडीचंही तसंच. कारवी अंगावर येते म्हणून सरसकट तोडायची नाही. तिच्या मुळांनी उतार धरून ठेवलाय. वाटेत वाकलेली फांदी तेवढी कोयत्याने छाटायची. घाणेरी मात्र मुळासकट उपटतो, ती अमेरिका खंडातून आलेली आणि इथल्या झाडांना जागा न ठेवणारी. ढोरवाटांचा प्रश्न नाजूक आहे. नवखी माणसं त्यांवरून भलतीकडे भरकटतात, म्हणून त्यांच्या तोंडाशी काट्यांच्या फांद्या टाकतो; पण आधी गुराख्यांना विचारतो. रान त्यांचं रोजचं आहे, आपण पाहुणे.

आता तुझं. तू फोटो पाठवलास त्या तुमच्या अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन ट्रेल या लांब पायवाटेवरचे वाटखुणांचे पांढरे पट्टे कुणी रंगवले असतील, असं विचारलं होतंस. तुझ्या-माझ्यासारख्यांनीच! १९२१ मध्ये बेंटन मकाय यांनी त्या वाटेची कल्पना मांडली, १९३७ मध्ये ती सलग पुरी झाली आणि १४ राज्यांतून सुमारे ३,५०० किलोमीटर जाणारी ती वाट आजही मुख्यतः स्वयंसेवकांचे तीसेक क्लब राखतात. तिचा पहिला तुकडा १९२३ मध्ये खुला झाला तो तुझ्यापासून फार लांब नसलेल्या बेअर माउंटनवर. तिथेही माणसांच्या पावलांनी वाट झिजली, पसरली. मग स्वयंसेवकांनी हातांनी घडवलेल्या ग्रॅनाइटच्या शेकडो पायऱ्या बसवल्या. तिथला डोंगर, तिथली गर्दी वेगळी, त्यामुळे पायऱ्या तिथे शोभतात. पण पाण्याला बाहेर काढायची रीत तीच, तिरपी ओळ तीच. हे वाचलं तेव्हा मला तुझी फार आठवण आली.

तुमच्याकडे न्यूयॉर्क-न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्स १९२० पासून हे काम करते आहे. नवख्यांना शिकवतात, हत्यारंही तेच देतात. तू शनिवार-रविवार घरात एकटी कंटाळतेस असं लिहिलंस ना? जा, नाव दे. दगड बसवायला शीक आणि मला लिही. इथे येशील तेव्हा मे महिना धर. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि जुने बूट आण, अत्तर मात्र लावू नकोस, गडावर आग्या मोहोळं आहेत. हातमोजे मी देईन. उन्हामुळे काम सकाळी सहाला सुरू होतं.

तुझीच,
मैत्रीण