कुंभारणीचं घर

"एअरस्पीड अलाइव्ह," मी मोठ्यानं म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं. शेजारची सीट रिकामी होती. माझी ती तिसरी सोलो.

टेकऑफसाठी विमान धावू लागलं की वेगाचा काटा शून्यावरून हलतो. हलला की हे वाक्य म्हणायचं, नाही हलला तर थ्रॉटल मागे ओढून तिथंच थांबायचं. मी वाक्य म्हटलं, काटा पाहिला नाही. वारा बाजूनं होता, डोळे रनवेच्या मधल्या पांढऱ्या रेषेवर होते आणि पाठ झालेलं वाक्य जिभेवरून आपोआप सुटलं. आमच्या सेसना १७२चं नाक ५५ नॉट्सला उचलायचं असतं. विमान हलकं झाल्याचं हाताला कळलं आणि मी ते अंदाजानंच उचललं.

चाकं सुटल्यावर खाली पाहिलं. काटा शून्यावर.

पोटात खड्डा पडला. समोर रनवे शिल्लक होता, परत टेकता आलं असतं. पण ते सुचेपर्यंत काटा उठला. ४०, ६०, ७५. चढताना हवा असतो तेवढाच वेग. अडकला असेल, सुटला, असं म्हणून मी मोकळी झाले.

काटा थांबलाच नाही. ८०, ९०. जमिनीपासून ५०० फुटांवर तो शंभराच्या पुढे गेला. वेग वाढला तर नाक वर घ्यायचं, हे पहिल्या आठवड्यातच अंगात मुरतं. मी नाक वर घेतलं. काटा आणखी वाढला. अजून घेतलं. तेवढ्यात पंखाकडून पिपाणीसारखा आवाज आला. स्टॉलचा भोंगा.

हा भोंगा पंख हवेवर तरायचे थांबण्याच्या बेतात आले की वाजतो. काटा म्हणत होता वेग फार जास्त आहे, भोंगा म्हणत होता फार कमी. दोघांपैकी एक खोटं बोलत होता. आमच्या विमानातल्या भोंग्याला वायर नाही की बॅटरी नाही, पंखावरची हवाच त्याला वाजवते. मी नाक खाली ढकललं. भोंगा गप्प झाला. काटा मात्र शंभराच्या पुढेच.

रेडिओवर सरांना सांगितलं तेव्हा माझा आवाज मला परका वाटला. ते शांतपणे म्हणाले, "काट्याकडे बघू नकोस. नाक क्षितिजाच्या किती खाली आहे आणि इंजिनचे आरपीएम किती आहेत, एवढंच बघ. रोजचं नाक, रोजची पॉवर, म्हणजे वेगही रोजचाच."

उतरताना काट्यानं उलटा खेळ मांडला. जमीन जवळ येऊ लागली तसा तो घसरत गेला. शंभर फुटांवर ५०च्याही खाली. नाक खाली ढकल, वेग वाढव, असं हात म्हणत होते. त्या उंचीवर ढकललं असतं तर सरळ जमिनीत गेले असते. सर मध्ये मध्ये फक्त "छान, असंच" म्हणत राहिले. विमान दोनदा उसळलं आणि टेकलं.

डाव्या पंखाखाली पिटो ट्यूब असते. समोरून येणारी हवा तिच्यात शिरते, तिच्या दाबावरून वेग कळतो. मेकॅनिकनं त्या नळीतून वाळलेली माती काढली. कुंभारणीनं घर बांधलं होतं. नळी बंद झाल्यामुळे जमिनीवरची हवा आत कोंडली गेली. वर जावं तसा बाहेरचा दाब कमी होतो. यंत्रानं त्या दोहोंतला फरक मोजला आणि त्यालाच वेग समजलं. मी जिला वेग समजत होते, ती माझी उंची होती.

आमची आजी भिंतीवरचं कुंभारणीचं घर कुणाला मोडू देत नसे. मला तेव्हा नेमकं तेच आठवलं आणि हसू आलं. मग हात थरथरायला लागले.

विमान चार दिवस उभं होतं, नळीवर कव्हर नव्हतं. ते कुणाचं राहिलं यावर पुढे बरीच चर्चा झाली. पण सकाळच्या तपासणीत वाकून त्या भोकात बघायचं काम माझं होतं. मी उभ्यानंच नजर टाकली होती.

सरांनी विचारलं, "धावताना काटा हलला होता का?"

"हो" म्हटलं असतं तर सगळं यंत्रावर गेलं असतं. कॉकपिटमध्ये मी एकटीच होते. बाबांनी माझ्या फीसाठी काढलेलं कर्ज डोळ्यांसमोर आलं. सोलो बंद झाली तर?

"पाहिला नाही, सर. नुसतं म्हटलं."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी ६ फेब्रुवारी १९९६ची गोष्ट सांगितली. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पोर्तो प्लाताहून निघालेलं बर्गेनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं. १८९ माणसं गेली. पिटो ट्यूब बंद झाली होती, आणि तपासकांचा संशय कुंभारणीसारख्याच माशीवर होता. कॅप्टनचा काटा धावतानाच चालत नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. वर गेल्यावर तोच काटा वेग जास्त दाखवू लागला, नाक वर गेलं आणि विमान स्टॉल झालं. "त्यांनी काटा पाहिला आणि तरी निघाले," सर म्हणाले. "तू पाहिलाच नाहीस. दोन्हीतलं बरं कुठलं, ते मला विचारू नकोस."

सोलो काही दिवस बंद राहिली. मधली उड्डाणं सरांसोबत झाली. काट्यावर त्यांनी कागद चिकटवला होता. तिसऱ्या फेरीला मी कागदाकडे बघणं सोडलं.

आता मी पिटोसमोर गुडघ्यावर बसते. आणि टेकऑफला आधी बघते, मग म्हणते. मध्ये अर्धा सेकंद जातो. तेवढा जाऊ देते.