मखाण्याचं टाकं

मखाण्याचं बी वाळलं की उगवत नाही. म्हणून दरभंग्याहून मागवलेली गुरी, म्हणजे कच्चं, काळं, वाटाण्याएवढं बी, मी पेरणीपर्यंत पाण्यातच ठेवतो. डिसेंबरात ती टाक्यातल्या गाळावर पसरायची. खाली चिकणमाती आणि मुरलेलं शेणखत, वर फूटभर पाणी. मिथिलेत, म्हणजे दरभंग्याच्या मुलखात, आता शेतातही मखाणा घेतात, तिथेही साधारण एवढंच पाणी राखतात. जुन्या पोखरी, म्हणजे तळी, मात्र चांगल्या खोल.

पहिली पानं गुळगुळीत, बाणाच्या टोकासारखी. पुढची वाढतात तशी काटेरी होतात. उन्हाळ्यात नवं पान काट्यांचं गाठोडं होऊन वर येतं आणि उलगडत उलगडत मीटरभर पसरतं. उलटून पाहावं तर खाली जांभळ्या, उठावदार शिरांचं जाळं, आणि तिथेही काटेच. पानांची दाटी झाली की कळी सरळ पान फाडून वर येते. ते छोटं जांभळं फूल मला फार आवडतं. पीक मात्र त्याच्यावर अडून नसतं. कित्येक कळ्या न उमलता पाण्याखालीच फळतात.

फळ फुटलं की बिया पातळ आवरणाच्या आधाराने थोडे दिवस तरंगतात, मग तळाशी जातात. इथून पुढे डोळ्यांचा उपयोग नाही. गाळात कुजलेल्या पानांचे काटे असतात. बोटं हलकेच फिरवावी लागतात: बी बोटाखाली घरंगळतं, खडा अडतो. माझं काम काठावर बसून होतं. मिथिलेतले मल्लाह समाजाचे लोक बुडी मारून, श्वास रोखून गाळ गोळा करतात आणि ‘गांज’ नावाच्या बांबूच्या साधनात धुतात. मग वाळवणं, भाजणं, दोन-तीन दिवस मुरवणं, पुन्हा भाजणं आणि गरम असतानाच थापीचा घाव. तेव्हा कुठे पांढरा लावा, म्हणजे लाही, फुटतो. 2022 साली ‘मिथिला मखाना’ला भौगोलिक मानांकन मिळालं, उपवासाच्या फराळातही आता मखाणा दिसतो. वाढलेल्या भावातला मोठा वाटा बुडी मारणाऱ्याच्या हाती पडायला हवा, असं मला फार वाटतं.

सगळं बी मी काढत नाही. राहिलेलं पुढच्या हिवाळ्यात आपणहून उगवतं, मग विरळणी तेवढी करायची. माझ्या टाक्यात एकच रोप नीट पसरतं. बाकीची रोपं वाटून टाकतो. देण्याआधी टाक्याची रुंदी विचारतो.