शेजारणीची ट्यूब

सलवारच्या नाड्याखाली नायटा उठला की आपल्या घरांतल्या बायका तो कुणाला दाखवत नाहीत. माझ्या खालाही महिनाभर गप्प होत्या. शेजारणीने दिलेल्या मलमाने दोन दिवसांत खाज थांबली. पण मलम बंद केलं की चट्टा आणखी मोठा होऊन परत येई.

शेवटी मी त्यांना त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ट्यूबवर नाव होतं क्लोबेटासोल, म्हणजे जोरदार स्टेरॉइड. ते लाली आणि खाज दाबतं, बुरशी मात्र वाढतच राहते. इसबावर डॉक्टर ते मोजक्या दिवसांसाठी देतात. आपल्या मनाने नायट्यावर किंवा चेहऱ्यावर लावायचं ते औषध नव्हे. त्याने कातडी पातळ पडते. २०१८ पासून अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम आहे.

खालांना बुरशीचं वेगळं मलम मिळालं. डाग दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे, टॉवेल वेगळा ठेवायचा, कपडे उन्हात वाळवायचे.

"बेटा, दाखवायची लाज वाटत होती," त्या म्हणाल्या.

बहिणींनो, शेजारी साखर-मीठ जरूर द्या, मलमाची ट्यूब नको. आणि लेकीसुनांना अधूनमधून विचारत जा. त्या आपणहून सांगणार नाहीत.