चकती आणि विराम

संपादन म्हटले की साहित्याच्या विद्यार्थ्यापुढे तांबडी पेन्सिल आणि समासातल्या खुणा उभ्या राहतात. चित्रफितीच्या संपादनाशी त्याचा संबंध सहसा येत नाही. आमचा आला तो ओव्यांमुळे. आम्ही काही मराठीचे शिक्षक, जात्यावरच्या ओव्या मुखोद्गत असलेल्या वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती चित्रमुद्रित करून ठेवत असतो. सहा तासांच्या मुद्रणातून वर्गात दाखवण्याजोगी चाळीस मिनिटे निवडायची, हे काम माउसच्या आधाराने फार रेंगाळते. म्हणून आम्ही जॉग व्हील घेतले.

तळहाताखाली मावणारे हे उपकरण आहे. मधली चकती कितीही फिरवली तरी अडत नाही. तिच्या एकेका खटक्याला चित्र एक फ्रेम पुढे किंवा मागे सरकते. तिच्याभोवतीचे कडे मात्र स्प्रिंगवर बसवलेले असते. ते जितके पिळावे तितका वेग वाढतो. सोडले की कडे मध्यावर परतते आणि चित्र थांबते. कापणे, खूण करणे अशी नेहमीची कामे बाजूच्या बटणांवर नेमून देता येतात. डावा हात चकतीवर, उजवा माउसवर, आणि नजर पडद्यावरून हलत नाही. कळफलकावरच्या 'जे', 'के', 'एल' या तीन कळा हेच काम करतात, आणि ज्यांची बोटे त्यांवर बसली आहेत त्यांना चकतीवाचून अडत नाही. फरक इतकाच की कळांनी वेग पायरीपायरीने वाढतो, कड्याने तो चढतो आणि उतरतो.

संपादकाच्या हाताला हे नवे नाही. १९२४ साली आलेल्या मूव्हिओलावर आणि पुढे स्टीनबेकच्या टेबलावर संपादक फिल्म प्रत्यक्ष हाताळत असे. व्हिडिओ टेपच्या काळातल्या यंत्रांवरही अशीच चकती होती. संगणकाने माउस आणला, आणि कोणत्याही क्षणावर थेट उडी मारण्याची सोयही आणली. 'द इंग्लिश पेशंट' (१९९६) हा संगणकावर संपादित होऊन संपादनाचे ऑस्कर मिळवणारा पहिला चित्रपट. त्याचे संपादक वॉल्टर मर्च यांनीच या सोयीची दुसरी बाजू लिहून ठेवली आहे: पूर्वी हवे ते दृश्य शोधताना वाटेतली सगळी दृश्ये नजरेखालून जात आणि न शोधलेलेही काही हाती लागे.

आमचा अनुभव याच जातीचा आहे. कडे पिळून चौपट वेगाने मुलाखत पाहू लागलो की बोलणे म्हणजे मजकूर आणि शांतता म्हणजे कोरी जागा वाटू लागते. हात आपोआप कापण्याच्या बटणाकडे जातो. एका मुलाखतीत आम्ही आजींना विचारले होते, "सासरी आल्यावर पहिली ओवी कोणावर गायलीत?" त्यानंतर चार सेकंद त्या गप्प आहेत. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे पुऱ्या १०० फ्रेम. आमच्यापैकी एकीचे म्हणणे, हे काढावे, वर्गात मुले चुळबुळ करतात. दुसऱ्याचे म्हणणे, उत्तरापूर्वीचा विराम हा उत्तराचाच भाग असतो. दोन्ही मते पुस्तकी होती. त्या १०० फ्रेममध्ये काय आहे ते कोणीच पाहिले नव्हते.

मग चकती फिरवली. चेहऱ्यावर काही नाही. पण खाली, मांडीवरचा उजवा हात मिटत जातो. बोटे अशी वळतात की जणू त्यांत खुंटा आहे. मूठ पुढे जाते, मागे येते. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. तिसऱ्या फेऱ्याला ओठ हलतात आणि ओवी सुरू होते, आईवरची. आजी आठवत नव्हत्या, दळत होत्या. ओवीची लय श्रमातून येते हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. तिचा एवढा साधा पुरावा त्या कोऱ्या जागेत होता.

तो विराम आम्ही ठेवला. त्याच मुलाखतीतले इतर बारा विराम काढले. त्यांत कोणी चहा आणत होते, कोणी दार लावत होते. सगळीच शांतता अर्थपूर्ण मानणे हाही आळसच, सगळी कापून टाकण्याइतका. आजी आता हयात नाहीत. मूळ मुद्रण जपून ठेवले आहे, पण ते सहा तास बसून पाहणारा विद्यार्थी विरळा. बहुतेकांसाठी आजी म्हणजे आम्ही निवडलेली ती चाळीस मिनिटेच.

म्हणून आता एक नियम केला आहे. कड्याने शोधायचे, वेळ वाचवायचा. पण कापण्यापूर्वी प्रत्येक विराम एकदा चकतीवर, फ्रेमफ्रेमने पाहायचा. वाचलेला वेळ त्यात बराचसा खर्च होतो, आणि त्याबद्दल आमच्यापैकी कोणाची तक्रार नाही.